कारच्या टायरची निगा: थंड हवेपासून नव्या टायरपर्यंत, नेमक्या क्रमानं

कोल्हापुरातून पुण्याला निघायचं असलं की हायवेला लागताना तावडे हॉटेलच्या चौकाआधी एखाद्या पंपावर थांबून हवा भरायची, ही आपल्याकडची ठरलेली पद्धत. गावातल्या गर्दीतून सहा-सात किलोमीटर येऊन तापलेल्या टायरला गेज लागतं, दिसेल तो आकडा खरा मानला जातो आणि गाडी हायवेला लागते. टायरची निगा बहुतेकांची इथंच चुकते. यात कुणी निष्काळजी नसतो. हवा नियमित बघितली जाते, अलाइनमेंटवर पैसेही खर्च होतात. चुकतो तो क्रम. गरम टायरवर हवा मोजतात, सस्पेन्शन ढिलं असताना अलाइनमेंट करतात आणि टायर गोटा झाल्यावर अदलाबदल करायला निघतात.

म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानंच करा. पहिले तीन घरच्या घरी होतात, त्यांना महिन्यातून अर्धा तास पुरतो. बाकीचे बहुतेक टायरवाल्याकडचे आहेत, पण तिथंही काय सांगायचं आणि काय विचारायचं हे आपल्याला माहीत पाहिजे.

## तयारी

आधी एवढं सामान जमवा:

- स्वतःचं हवेचं गेज. काही शे रुपयांत चांगलं डिजिटल गेज मिळतं. पंपावरचं गेज दिवसभर आपटत असतं, त्यावर विसंबू नका.
- नक्षीची खोली मोजायचं छोटं गेज. हे त्याहूनही स्वस्त असतं.
- टॉर्च, पांढरा खडू, जुनं फडकं, साबणाचं पाणी.
- वही. मोबाइलमध्ये नोंद ठेवली तरी चालेल, पण ठेवाच.
- जमलं तर बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा कंप्रेसर. ज्यांचं घर पंपापासून लांब आहे त्यांना मी हा घ्याच म्हणेन.

वेळ सकाळची. गाडी रात्रभर, निदान तीन तास तरी, उभी असली पाहिजे आणि तिच्यावर ऊन आलेलं नसावं. एका बाजूचे टायर उन्हात आणि दुसऱ्या बाजूचे सावलीत असले तर दोन्हीकडचे आकडे वेगळे येतात आणि माणूस उगाच गोंधळतो. जागा सपाट हवी.

## टप्पा १: आपल्या गाडीचा खरा आकडा शोधा

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर, साधारण सीट बेल्ट जिथून निघतो त्या खांबाच्या खालच्या अंगाला, एक स्टिकर असतं. काही गाड्यांत ते पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असतं. त्यावर पुढच्या आणि मागच्या टायरचे आकडे पीएसआयमध्ये, म्हणजे हवेचा दाब मोजायच्या एककात, लिहिलेले असतात. बऱ्याच स्टिकरवर दोन रकाने असतात, एक दोन-तीन माणसांसाठी आणि दुसरा पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. हे आकडे वहीत पहिल्या पानावर उतरवून घ्या.

यात तीन चुका हमखास होतात.

पहिली म्हणजे टायरच्या बगलेवरचा आकडा धरणं. टायरवर ४४ किंवा ५१ पीएसआय असं काही लिहिलेलं असतं. ती त्या टायरची कमाल मर्यादा. तेवढी हवा भरली तर टायर मध्यभागी फुगतो, रस्त्याला कमी टेकतो आणि पावसात ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं.

दुसरी म्हणजे "सगळ्यांना पस्तीस मारा" असं सांगणं. शेजारच्याच्या गाडीला ३५ लागतात म्हणून आपल्यालाही लागतील असं नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचे आकडे वेगळे असतात.

तिसरी, भार विसरणं. एरवी ऑफिसला एकट्यानं जाणारी गाडी गणपतीला पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन फोंडा घाट उतरते, आणि हवा मात्र एकट्याच्या हिशेबाची असते. अशा वेळी भरलेल्या गाडीचा रकाना वापरा आणि परत आल्यावर पुन्हा नेहमीच्या आकड्यावर या.

## टप्पा २: थंड टायरवर हवा मोजा आणि भरा

सगळ्या लेखात हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून इथं जरा रेंगाळतो.

गाडी चालली की टायर दबतो, सुटतो, पुन्हा दबतो आणि त्यातून तापतो. आतली हवा तापली की दाब वाढतो. हायवेवरून आलेल्या टायरमध्ये थंड असतानापेक्षा चार ते सहा पीएसआय सहज जास्त दिसतात. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, आणि ही वाढ कंपनीनं धरूनच तो दिलेला असतो.

माझ्या आधीच्या गाडीचे पुढचे दोन्ही टायर जेमतेम २२ हजार किलोमीटरवर गेले. मी दर दोन आठवड्यांनी न चुकता हवा बघत होतो. बघत होतो कागलहून येताना, संध्याकाळी, पंपावर. गेजवर ३७ दिसायचे, हवे होते ३३. मी चार सोडायला सांगायचो आणि समाधानानं घरी यायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टायरमध्ये २९ उरत होते, आणि तेवढ्यावर गाडी रोज ये-जा करत होती. टायर उतरवले तेव्हा मधली नक्षी बरीच शिल्लक होती आणि दोन्ही कडा गुळगुळीत झाल्या होत्या. डाव्या टायरच्या आतल्या कडेला तारेचे बारीक टोक दिसत होते. ती कड गाडीखाली वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही, आणि मी वाकून कधी बघितलं नव्हतं. त्या टायरवर मी मुलांना घेऊन आंबा घाटातून जाऊन आलो होतो.

इशारा: गरम टायरमधली हवा कधीही सोडू नका. आकडा जास्त दिसला तर तसाच राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोजा.

आता करायचं कसं ते क्रमानं:

१. व्हॉल्व्हची टोपी काढून खिशात ठेवा. जमिनीवर ठेवली तर माती लागते आणि तीच माती पुढं व्हॉल्व्हच्या पिनमध्ये जाते.

२. गेज सरळ दाबा. फुस्स आवाज येत राहिला तर ते तिरकं बसलंय आणि आकडा खोटा येणार. आवाज थांबेपर्यंत नीट बसवा.

३. दोनदा मोजा. दोन्ही वेळा एकच आकडा आला पाहिजे.

४. चारही टायरचे आकडे वहीत लिहा, तारखेसकट. स्टेपनीचाही लिहा.

५. घरी कंप्रेसर असेल तर लगेच भरा. थोडी जास्त गेली तर काळजी नाही, थंड टायरमधून सोडता येते.

कंप्रेसर नसेल तर पंपावर जायचंच आहे, पण एक साधा हिशेब करून जा. समजा हवे आहेत ३३ आणि सकाळी घरी भरले २९. म्हणजे कमी आहेत ४. पंपापर्यंत तीन किलोमीटर गाडी गेली, टायर थोडा तापला, आणि तिथं तुमच्या गेजवर ३१ दिसतात. आता ३३ वर थांबायचं नाही. ३१ मध्ये ४ मिळवून ३५ पर्यंत भरायचं. टायर थंड झाला की तो ३३ वर येतो. पंपावरच्या पोराला "मामा, पस्तीस मारा" एवढंच सांगा. घरचा हिशेब तुमच्या वहीत आहेच. मशीनवर आकडा लावून दिला तरी शेवटी स्वतःच्या गेजनं मोजून खात्री करा.

तपासा: हवा भरून झाली की व्हॉल्व्हवर साबणाच्या पाण्याचा थेंब लावा. बुडबुडा आला तर पिन गळतेय. ती बदलायला दोन मिनिटं लागतात. मग टोपी लावा. टोपी धूळ आणि पाणी अडवते, म्हणून हरवली असेल तर नवी घ्या.

चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा कमी होतेच. शिवाय बाहेरचं तापमान साधारण सहा अंशांनी उतरलं की दाब एक पीएसआयनं उतरतो. म्हणून दिवाळीनंतर थंडी पडायला लागली की एकदा जादा तपासणी करा. चारपैकी एकाच टायरची हवा दर महिन्याला तीन-चार पीएसआयनं उतरत असेल तर ते हवामानामुळे नाही. तिथं बारीक पंक्चर आहे, व्हॉल्व्ह गळतोय किंवा रिमची कड वाकलीय. वहीचा खरा उपयोग इथं कळतो.

साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरावा का, असं सारखं विचारलं जातं. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन भरलेल्या टायरमध्ये साधी हवा मिसळली म्हणून काही बिघडत नाही. हवा कमी असताना नायट्रोजनवाला सापडेपर्यंत तशीच गाडी चालवणं हे मात्र नक्की बिघडवतं.

ज्यांच्या गाडीत हवेचा दिवा आहे त्यांनीही गेज वापरावं. बऱ्याच गाड्यांत तो दिवा दाब चांगलाच उतरल्यावर लागतो.

## टप्पा ३: आधी डोळ्यांनी, मग हातानं

हवा बरोबर झाली की मगच टायर बघा. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा म्हणजे पुढच्या टायरची सगळी नक्षी आणि आतली कड समोर येते. मग दुसऱ्या बाजूला वळवा. मागच्या टायरसाठी टॉर्च घेऊन खाली वाकावंच लागेल.

इशारा: आधी नीट बघा, मगच हात फिरवा. झिजलेल्या टायरमधून तार बाहेर आली असेल तर ती बोट चिरते. फडकं धरून फिरवलेलं बरं.

नक्षीची खोली. टायरच्या चरांमध्ये मधेमधे रबराचे आडवे उंचवटे असतात. ते कुठं आहेत ते सापडावं म्हणून बगलेच्या वरच्या अंगाला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरं असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटर उरले. तिथं टायर संपला, त्यावर वाद नको. पण आपल्या भागासाठी माझं मत याहून कडक आहे. खोली ३ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर तो टायर पावसाळ्यात नेऊ नका. चराचं काम पाणी बाहेर फेकायचं. चर उथळ झाले की पाणी फेकलं जात नाही आणि टायर पाण्यावर तरंगायला लागतो. त्या क्षणी स्टिअरिंग हलकं लागतं आणि गाडी वळत नाही. गगनबावड्याच्या रस्त्यावर जुलैमध्ये जे पाणी वाहतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. म्हणून मोजमाप मे महिन्यात करा. जूनमध्ये टायरवाल्याकडे रांग लागते.

खोली एकाच जागी मोजू नका. आतली कड, मध्य आणि बाहेरची कड, असे तीन आकडे प्रत्येक टायरचे घ्या. हे तीन आकडेच पुढं काय करायचं ते सांगतात:

- दोन्ही कडा झिजल्या, मध्य चांगला: हवा कमी राहिली.
- मध्य झिजला, कडा चांगल्या: हवा जास्त राहिली.
- एकच कड झिजली: अलाइनमेंट बिघडलं किंवा सस्पेन्शनमध्ये काही वाकलं.
- हात एका दिशेनं फिरवला की गुळगुळीत, उलट फिरवला की करवतीसारखं लागतं: चाकांची दिशा आत-बाहेर झालीय, म्हणजे अलाइनमेंट.
- ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे: शॉकअब्सॉर्बर गेले असण्याची शक्यता, किंवा बॅलन्सिंग.

हा तक्ता वहीत उतरवून घ्या. टायरवाल्याकडे जाऊन "अलाइनमेंट करा" म्हणण्यापेक्षा "डाव्या पुढच्या टायरची आतली कड २ वर आलीय, बाहेरची ४.५ आहे" असं सांगितलं की समोरचा माणूसही वेगळ्या लक्षानं काम करतो.

रुतलेल्या वस्तू. शिरोली एमआयडीसी, गोकुळ शिरगाव किंवा उद्यमनगर अशा कारखान्यांच्या भागात रोज जाणाऱ्यांनी हे जास्त मनावर घ्या. लेथवरून निघालेली लोखंडाची बर, म्हणजे धारदार कीस, रस्त्यावर येते, ती सुरुवातीला नक्षीत नुसती अडकते आणि रोजच्या दाबानं आत आत जाते. गाळप हंगामात उसाच्या बैलगाड्या सुरू झाल्या की बैलांच्या पत्रीचे, म्हणजे नालांचे, खिळेही रस्त्यावर असतात. खडे आणि वरवर अडकलेली बर बोथट स्क्रू-ड्रायव्हरनं काढून टाका.

इशारा: खिळा खोल गेलेला दिसला तर उपटू नका. त्याभोवती खडूनं गोल करा, साबणाचं पाणी टाका आणि बघा. बुडबुडे येत असतील तर खिळा तसाच ठेवून सरळ पंक्चरवाल्याकडे जा. बऱ्याचदा खिळ्यानंच भोक बुजवून धरलेलं असतं. घरी उपटला तर गाडी दारातच बसेल.

बगल. खड्ड्यात चाक आदळलं की टायरच्या बगलेत आतले धागे तुटतात आणि बाहेर फुगा येतो. लिंबाएवढा असो की सुपारीएवढा, फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. तो लगेच बदला आणि तोवर स्टेपनीवर चाला. बारीक भेगा दिसत असतील तर वय बघा. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार अंक असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. ही तारीख कधी कधी टायरच्या आतल्या बगलेवरच असते. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर जाणकाराला दाखवा. दहा वर्षं झाली असतील तर नक्षी कितीही असो, तो टायर चालवू नका. कमी चालणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत हे सर्रास विसरलं जातं. दारात उभ्या असलेल्या गाडीचे टायर नवे दिसतात, पण रबर म्हातारं झालेलं असतं.

एक छोटी सवय सोडा. वॉशिंगला गाडी दिली की खालून डिझेल मारायला सांगतात. ते टायरवर उडतं आणि रबर खराब करतं. टायरला साबण आणि पाणी पुरतं.

## टप्पा ४: टायरची अदलाबदल

दर ८ ते १० हजार किलोमीटरला टायरच्या जागा बदला. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते. वळणं, बराचसा ब्रेक आणि इंजिनाचं वजन, सगळं तेच टायर सोसतात, त्यामुळे ते लवकर झिजतात.

अशा गाडीत पुढचे दोन टायर सरळ मागे जातात, म्हणजे डावा डावीकडेच आणि उजवा उजवीकडेच. मागचे दोन पुढं येताना बाजू बदलतात. मागच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीत हे उलट करायचं. मागचे सरळ पुढं आणि पुढचे मागे जाताना बाजू बदलून.

तपासा: टायरच्या बगलेवर फिरण्याच्या दिशेचा बाण आहे का? असेल तर बाजू बदलायची नाही, फक्त पुढचा मागे आणि मागचा पुढं. बाण उलटा बसला तर नक्षी पाणी बाहेर फेकत नाही.

खडूनं प्रत्येक टायरवर आधीची जागा लिहा आणि मगच चाक उतरवू द्या. चार चाकं एकत्र पडली की कुठलं कुठलं होतं ते दुकानातल्या माणसालाही आठवत नाही.

नेहमीची चूक अशी: एक टायर खराब झाला म्हणून कोरी स्टेपनी पुढं एका बाजूला टाकायची आणि महिनोन्‌महिने तशीच चालवायची. एका एक्सलवर एक कोरा आणि एक झिजलेला टायर ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना गाडी ओढतो. स्टेपनी मापानं लहान असेल तर हे आणखीच धोक्याचं.

## टप्पा ५: बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट, याच क्रमानं

ही दोन कामं वेगळी आहेत. बॅलन्सिंगमध्ये चाक उतरवून मशीनवर फिरवतात आणि जिथं वजन कमी पडतं तिथं रिमला वजनाच्या छोट्या पट्ट्या लावतात. अलाइनमेंटमध्ये चाकं गाडीवरच असतात आणि ती रस्त्याला व एकमेकांना कुठल्या कोनात आहेत ते जुळवतात.

साधारण ८० ते १०० च्या वेगात स्टिअरिंग थरथरत असेल तर संशय बॅलन्सिंगचा. सपाट रस्त्यावर हात सैल सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, किंवा सरळ जाताना स्टिअरिंग तिरकं राहत असेल तर संशय अलाइनमेंटचा. पण गाडी ओढतेय म्हणून दुकान गाठण्याआधी दोन्ही बाजूंची थंड हवा मोजा. डावीकडं २७ आणि उजवीकडं ३३ असतील तर गाडी ओढणारच, त्यासाठी अलाइनमेंटचे पैसे घालवायला नकोत.

कामाचा क्रम असा ठेवा:

१. चारही टायरची हवा बरोबर करा.
२. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, बुश हे सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचे सांधे तपासून घ्या. गाडी जॅकवर असताना चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडं हलवून बघतात. खटखट आली तर आधी ते बदला.
३. टायरची अदलाबदल.
४. बॅलन्सिंग.
५. सगळ्यात शेवटी अलाइनमेंट.

दुसरी पायरी वगळली जाते आणि तिथंच पैसे पाण्यात जातात. बुश ढिला असताना मशीनवर सगळे आकडे हिरवे येतात, आणि पहिल्या खड्ड्यात पुन्हा होते तसे होतात.

तपासा: अलाइनमेंटच्या आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही कागद मागून घ्या. मग मोकळ्या सरळ रस्त्यावर गाडी चालवून बघा. स्टिअरिंग तिरकं असेल तर तिथूनच परत फिरा, "दोन दिवसांनी बसेल" हे ऐकून घेऊ नका. ते आपोआप बसत नाही.

## टप्पा ६: पंक्चर आणि स्टेपनी

चाकातून फडफड आवाज आला किंवा गाडी अचानक जड लागली तर जोरात ब्रेक मारू नका. स्टिअरिंग घट्ट धरा, वेग आपोआप उतरू द्या आणि डावीकडं घ्या. "पुढच्या ढाब्यापर्यंत नेऊ" म्हणून हवा नसलेल्या टायरवर चालवलेला एक किलोमीटरही पुरतो. खिळ्याच्या भोकाला थोडक्यात भागलं असतं, तिथं अख्खा टायर जातो.

हायवेवर असाल तर धोक्याचे दिवे लावा, त्रिकोण निदान ५० मीटर मागे ठेवा आणि माणसांना उतरवून रस्त्यापासून लांब उभं करा. मग:

१. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, आणि बदलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला दगडाचा टेकू लावा.
२. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा-अर्धा फेरा सैल करा. आधी जॅक लावला तर चाक फिरतं आणि गाडी जॅकवरून घसरू शकते.
३. जॅक फक्त गाडीखाली दिलेल्या खाचेपाशीच लावा. माती मऊ असेल तर खाली फळी.
४. गाडी उचलली की स्टेपनी आडवी करून गाडीखाली सरकवा. जॅक निसटलाच तर गाडी तिच्यावर टेकेल.
५. चाक बदला, काढलेलं चाक गाडीखाली ठेवा, नट हातानं बसवा. ते समोरासमोर घट्ट करत जा, ओळीनं नाही.
६. गाडीखालचं चाक बाहेर काढा, गाडी खाली घ्या आणि मग पान्यानं शेवटचं आवळा. पान्यावर पाय देऊन उभं राहू नका, नटाला ग्रीसही लावू नका.

हे सगळं हायवेवर पहिल्यांदा करू नका. एखाद्या रविवारी दारात करून बघा. डिकीतला जॅक चालतो का, पाना नटाला बसतो का, अलॉय व्हीलच्या लॉक नटची चावी कुठं आहे, हे तेव्हाच कळतं. घरातल्या ज्या ज्या माणसाकडं लायसन्स आहे त्या प्रत्येकाकडून एकदा करून घ्या.

स्टेपनीवर ८० ची मर्यादा लिहिलेली असेल तर ती पाळा. तिची हवा दर महिन्याला बघा, आणि पूर्ण मापाची असेल तर तीन-चार पीएसआय जास्तच ठेवा. रस्त्यात हवा सोडता येते, भरता येत नाही. काही नव्या गाड्यांना स्टेपनी येतच नाही. २०२० पासून ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा किट असलेल्या कारला तशी मुभा आहे. तुमची गाडी तशी असेल तर किटमधल्या द्रवाची मुदत बघून ठेवा.

पंक्चरवाल्याकडं बाहेरून सळईनं चिकट दोरी भरून देतात. गावी पोचायला ती ठीक आहे. कायमचं काम करायचं तर टायर रिमवरून उतरवून आतून छत्रीच्या आकाराचा मशरूम पॅच लावून घ्या. आणि टायर उतरला की आत बोट फिरवून बघा. काळ्या रबराचा चुरा हाताला लागला तर तो टायर हवेशिवाय चाललाय, आतून कुरतडला गेलाय. बाहेरून कितीही चांगला दिसला तरी तो परत बसवू नका.

इशारा: भोक ६ मिलिमीटरपेक्षा मोठं असेल, किंवा बगलेत वा कडेच्या खांद्यावर असेल तर ते पंक्चर काढण्यासारखं नसतं. "काढून देतो की, काय हुईत न्हाई" असं कुणी म्हणालं तरी नाही म्हणा. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालून वेळ मारून नेणंही टाळा.

## टप्पा ७: नवे टायर घेताना

बगलेवरचं माप लिहून न्या. उदाहरणार्थ १८५/६५ आर १५ ८८ एच. यात १८५ मिलिमीटर रुंदी, ६५ म्हणजे रुंदीच्या तुलनेत बगलेची टक्केवारीतली उंची, १५ इंचाची रिम, ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो भार, आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता. भाराचा आकडा आणि वेगाचं अक्षर कंपनीनं दिलेल्यापेक्षा खाली घेऊ नका. दुकानात रुंदीबद्दलच बोलणं होतं, हे दोन मागे पडतात.

बसवण्याआधी चारही टायरची डीओटी तारीख स्वतः वाचा. रबरी व्हॉल्व्ह नवे टाकायला सांगा. ते जुनेच राहिले तर नव्या टायरची हवा जुन्या रबरातून गळते.

दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागे बसवा आणि मागचे चांगले पुढं आणा. यावर दुकानात हमखास वाद होतो, कारण पुढचे झिजले म्हणून नवे पुढंच, असं सगळ्यांना वाटतं. ओल्या वळणावर पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जायला बघते, ॲक्सिलरेटर सोडला की बऱ्याचदा सावरते. मागचे घसरले तर गाडीचा मागचा भाग फिरतो, आणि करूळ घाटातल्या वळणावर तो सावरणं सरावलेल्या ड्रायव्हरलाही जमत नाही.

टायर बसल्यावर बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट. निघण्यापूर्वी चारही व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी. पहिले काहीशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि वळणं टाळा. नव्या रबरावर बनवतानाचा तेलकट थर असतो, तो निघून जावा लागतो. ५० ते १०० किलोमीटर झाले की चारही चाकांचे नट पुन्हा एकदा पान्यानं तपासा, दुसऱ्या दिवशी सकाळी थंड हवा मोजा, आणि वहीत नवं पान सुरू करून तारीख, किलोमीटर आणि चारही टायरची खोली लिहा.